गाडीच्या पोटातलं औषध

तारकर्ली,
ता. ८ जानेवारी २००२

चि. आकांक्षा हिस, भाईंचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई विचारते, सोलकढी जमते का? मी म्हटलं, पोरगी पुण्यात इंजिनाची तेलं तपासता, तिका कढी खंयची जमतली! रागावू नको.

काम तुझ्याच खात्यातलं आहे. मुंबईच्या गृहस्थाकडून घेतलेली आपली गाडी चढाला अडखळते. ही इंजेक्शनवाली, म्हणजे पेट्रोल फवाऱ्याने घेणारी; जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढला तरी मला हिची नाडी सापडत नाही. मालवणच्या दुकानदाराने दोन बाटल्या दिल्यात. एक पेट्रोलच्या टाकीत ओतायची. दुसरी इंजिनच्या तेलात घालून गाडी जरा चालू ठेवायची, मग तेल बदलायचं. आतला सगळा मळ जातो म्हणे. पण मला सांग, औषधाला मळ कुठला नि लोखंड कुठलं हे कळतं कसं?

शेजारच्या सुशीलाची सून सत्यवती बाळंतपणाला टेकली आहे. वाडीत गाडी आपलीच, म्हणून रविवारी दोन्ही औषधं देऊन टाकीन म्हणतो. रस्ता खोदल्यापासून वाडीतले फोन मुके आहेत, तेव्हा पत्रच लिही.

तुझी माया आहे तशी राहू दे.
भाई

पुणे,
ता. ११ जानेवारी २००२

ती. भाई यांस, शि. सा. न. वि. वि.

कढी जमते. कधी कधी फुटते, ती गोष्ट वेगळी.

तुमचा प्रश्न मी प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवला. बांगडे साफ केल्यावर आई हाताला साबण लावते ना, तसंच हे. औषधाच्या कणाचं एक टोक चिकट मळाला धरतं, दुसरं पेट्रोलमध्ये मिसळतं. लोखंडाशी त्याला देणंघेणं नाही. पेट्रोलची बाटली खुशाल घाला, पण तिच्यावर लिहिलंय तेवढीच. जास्त ओतलं म्हणून जास्त साफ होत नाही, उलट धुराच्या नळीतल्या नाजूक भागांना त्रास होतो. आणि दुखणं मळाचंच असेल असंही नाही. प्लग झिजला असेल तर औषध काय करणार?

दुसऱ्या बाटलीची मात्र मला भीती वाटते. त्या गृहस्थाने तेल वेळेवर बदललं होतं का? तेलाचं झाकण उघडून आत बोट फिरवा. काळा थर लागला तर ती बाटली अजिबात नको. सुटलेला मळ कुठेतरी जाणारच. तेल ओढणाऱ्या जाळीवर बसला, तर इंजिन कोरडं घासेल. त्यापेक्षा साधं तेल दोनदा लवकर बदला.

हे पत्र रविवारच्या आत पोचो. आईला नमस्कार. माझ्यावर रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आकांक्षा

तारकर्ली,
ता. २९ जानेवारी २००२

चि. आकांक्षा हिस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दोन्ही बाटल्या घालून, तेलही बदलून मोकळा झालो होतो. गाडी अशी पळू लागली की मी उगाच मालवणला जाऊन आलो. तुझं पत्र वाचून चक्क हसलो.

दोन दिवसांनी सत्यवतीला कळा सुरू झाल्या. तिला नि सुशीलाला घेऊन निघालो. वायरी गावाच्या अलीकडे तेलाचा तांबडा दिवा लागला. तू लिहिलेली जाळी डोळ्यांसमोर आली नि मी इंजिन तिथेच बंद केलं. सुशीला ओरडली की, आता कित्याक थांबलात, पोरीचो जीव जातलो! तिला कसं समजावणार, की आणखी रेटली तर इंजिन जाम होईल? सत्यवतीने माझं मनगट गच्च धरलं होतं. शेवटी देवबागहून लवूचा मासळीचा टेम्पो आला. बर्फाच्या पेट्या सरकवून त्याने दोघींना बसवलं. दवाखान्यात पोचल्या पोचल्या मुलगी झाली. मायलेकी सुखरूप.

शिवा मेकॅनिकने इंजिनखालचं तेलाचं भांडं उतरवलं. जाळी काळ्या चिखलाने लिंपलेली! लगेच बंद केलं म्हणून इंजिन वाचलं. पण चढावरचं अडखळणं खरंच गेलंय हो. हे पहिल्या बाटलीचं काम, की नव्या तेलाचं? एका वेळी एकच करून बघायला हवं होतं, आता कसं कळणार?

सत्यवतीला घरी आणायला सुशीला रिक्षा बघत होती. मी आपली गाडी नेली होती, पण कोणत्या तोंडाने विचारणार? बाजूला उभा राहिलो. सत्यवती मात्र पोरीला घेऊन सरळ पुढच्या सीटवर येऊन बसली. म्हणाली की, तो तांबडो दिवो खंय लागता, माका दाखवा. मी बोट ठेवून दाखवला. तर म्हणते, तेच्यार माझी नजर आसा, तुमी रस्त्यार बघा.

घर येईपर्यंत तिने तिथून डोळे हलवले नाहीत.

आईचे आशीर्वाद. आम्हा दोघांवरचा लोभ वाढता ठेव.
भाई