दुपारचा सराव

२ मे १९९४, सोमवार
भेळेच्या कागदावर बातमी वाचली. अमेरिकेत काही लोक भर जुलैत वाळवंटातून शंभराहून जास्त मैल धावतात. बुटांचे तळवे वितळतात, तरी थांबत नाहीत. का धावता, असं विचारल्यावर ते म्हणाले... आणि पुढे कागद फाटलेला. कारण भेळवाल्याकडे राहिलं.
निश्चय: ते आपण स्वतः शोधायचं. रोज धावायचं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी भाईंदरहून थेट उत्तनच्या समुद्रापर्यंत आणि परत. शाळेत मी धावण्यात तालुक्यात तिसरी आले होते. त्रेचाळीस हे काही वय नाही.

३ मे
वेळ ठरली. दुपार. सकाळी पाणी, यांचा डबा, सासूबाईंचं अंग पुसणं. संध्याकाळी सगळ्या बायका गॅलरीत. दुपारी मात्र रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.
सासूबाई जेवून, गोळी घेऊन झोपतात. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू गेली, उठता येत नाही. आतून कडी कोण लावणार? म्हणून बाहेरून कुलूप. त्यांच्याच सुरक्षिततेसाठी. पाण्याचा पेला डाव्या हाताशी. पंखा फुल्ल.

४ मे
मुलगा नीरज पुण्याला हॉस्टेलवर, त्याचे जुने कॅनव्हासचे बूट इथेच. पुढे कापूस कोंबला की बसतात. हातात कापडी पिशवी, म्हणजे कुणी भेटलंच तर पोस्टात चाललेय.
मिठागरांच्या वळणापर्यंत गेले. मधेमधे चालले, पण जोरात.

६ मे, शुक्रवार
शुक्रवारी दुपारी लाइट जातात हे विसरले होते. आम्ही चौथ्या मजल्यावर, डोक्यावर सरळ गच्ची. परत आले तर घर भट्टीसारखं. सासूबाईंची उशी ओली, पेला खाली पडलेला. झोपेत हात लागला असणार.
उद्यापासून पेला स्टीलचा.

१० मे
मुर्ध्याला रस्त्याकडेला जिजाबाई सुके बोंबील घेऊन बसते. मला बघून ओरडली, बाय, कुनाच्या मागं लागलीस, का तुझ्याच मागं कोन लागलाय? म्हटलं, सराव करतेय. उन्हाचा. ती म्हणाली, ऊन रोज दारात येतंय, त्याला भेटाया पलत जावं लागत न्हाय.
शिक्षण नसलं की महत्त्वाकांक्षा कळत नाही.

११ मे
सासूबाई म्हणाल्या, शैले, तू काळी पडत चाललीस. लोकांना वाटेल मी तुला उन्हात उभी करते. मी हसले. त्या नाही हसल्या.

१३ मे, शुक्रवार
मोठी प्रगती. राई गावाच्या अलीकडे घाम येणं एकदम बंद झालं. अंगावर शहारे आले. मेच्या उन्हात थंडी! शरीराने उन्हाशी जमवून घेतलं. मिठाचे ढीग हळूहळू सरकत होते, बघायला छान वाटलं. परतीची वाट नीट आठवत नाही, पण आले.
सासूबाई जाग्या होत्या. म्हणाल्या, हाका मारत होते. म्हटलं, बाथरूममध्ये होते. त्या म्हणाल्या, एवढा वेळ? पाणी येत नाही आपल्याकडे दुपारी.
पुढच्या शुक्रवारी सुट्टी घ्यायची. नक्की.

१६ मे
सारखं डोकं दुखतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

१७ मे
शेजारच्या भाविकाबेननी जिन्यात अडवलं. शैलाबेन, दुपारला तुमच्या घरातून वाटी ठोकल्यासारखा आवाज येते. माँजी ठीक छे ने? म्हटलं, उंदीर असतील. त्या म्हणाल्या, उंदीर थांबून थांबून ठोकते?
भाविकाबेनना उगाच लक्ष घालायची सवय आहे.
पेल्यावर झाकायची वाटी सासूबाईंच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली. आवाज झाला की त्यांचीच झोपमोड होते.

१९ मे
ते लोक का धावतात ते कळलं. मिठागरं लागली की दोन्ही बाजूंना पांढरं, वर पांढरं. पहिली काही मिनिटं कानात हाका येत राहतात. शैले, कूस बदल. शैले, पाणी. शैले, माशी. मग श्वास एवढा मोठा होतो की त्यात हाका बुडतात. मी कुणाचीच नसते. थांबले की परत येतील म्हणून थांबत नाही.
हे लिहून वाईट वाटलं. सासूबाईंना रात्री खिमट करून भरवलं. त्यांनी सगळं खाल्लं. माझ्या दंडाला धरून झोपल्या. हात सोडवायला वेळ लागला.

२० मे, शुक्रवार, दुपारी
जाणार नव्हते. पण एक दिवस खाडा केला तर उत्तन होणार नाही. फक्त वळणापर्यंत, लगेच परत. हे लिहितानाच लाइट गेले. सासूबाई झोपल्या आहेत. म्हणजे, डोळे मिटलेले आहेत.

२३ मे
आज पेन धरता आलं.
मी राईच्या पुढे पडले. कुणीतरी बैलगाडीतून मुर्ध्याला आणलं. जिजाबाईने सावलीत निजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलं. तिने नाव विचारलं, मला सांगता येईना. मग विचारलं, बाय, घरात कोन हाय?
मी म्हणाले, कोणी नाही.
हे मात्र अगदी स्पष्ट म्हणाले, असं ती सांगते. उन्हाने डोकं फिरलं होतं, डॉक्टरही तसंच म्हणाले. ऊन उतरल्यावर कुलूप आठवलं.
तोवर भाविकाबेननी वॉचमनकडून कुलूप फोडून घेतलं होतं. सासूबाई पलंगावरून खाली, दाराच्या दिशेने सरपटत अर्ध्या वाटेवर. जीभ टाळूला चिकटलेली. डॉक्टर यांना म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर मला बोलावून उपयोग नव्हता.
आम्ही दोघी एकाच खोलीत सलाइनवर होतो. यांनी विचारलं, दाराला कुलूप कसं? मी तोंड उघडलं, काय सांगणार होते कोण जाणे. सासूबाईच म्हणाल्या, मीच तिला रॉकेलच्या रांगेत पाठवलं होतं, तिथेच घेरी आली असेल.
मग भिंतीकडे तोंड केलं.

३० मे, सोमवार
उत्तनचा शुक्रवार घरातच गेला. लाइट गेले तेव्हा मी सासूबाईंना वारा घालत होते. दुखणं आहे म्हणून अबोला, होईल सगळं पूर्ववत. गोळी देऊनही त्या दुपारी झोपत नाहीत, एवढंच. मी उठले की डोळे माझ्यामागे. बसले की माझ्यावर.
आज मी म्हणाले, आता कुठेही जाणार नाही. त्यांनी डावा हात पुढे केला. मला भरून आलं. मी माझा हात त्यांच्या हातात दिला.
त्यांनी तो बाजूला सारला आणि हात तसाच पुढे ठेवला.
त्यांना किल्ली हवी होती.
दिली. ती मुठीत आवळून त्या पाच मिनिटांत घोरायला लागल्या.