बारा हजार आवाज आणि ताईची घंटी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. तीन आठवड्यांपूर्वी वायर शोधायला टेबलाखाली वाकलो, तो अजून पुरता सरळ झालेलो नाही. कारण पुढे येईलच.) भावोजींना नमस्कार आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याची वेगळी चौकशी. इकडे सर्व ठीक आहे. आईची तब्येत उत्तम, ऐकू येणं तेवढं कमी. पत्र लिहायला तसं काही कारण नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू 'बघू रे, पुढच्या महिन्यात' म्हणतेस आणि मला पुढचं काही सुचत नाही. पत्रात निदान मध्ये कोणी बोलत नाही. तेव्हा सुरुवातीलाच सांगून ठेवतो, की या पत्रात तुला इकडे येण्याचा आग्रह अजिबात केलेला नाही. चहा घेऊन निवांत बस आणि वाच.

एकवीस तारखेला आई ऐंशी पूर्ण करते हे तुला ठाऊक आहेच. तुला काय हवं, असं मी तिला विचारलं. शाल म्हणेल, फार तर नवा चष्मा म्हणेल असा माझा अंदाज होता. तर म्हणाली, ह्यांनी रचलेला तो तीन ठेक्यांचा वॉल्ट्झ एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचाय, सगळ्या बँडसकट. कानाच्या डॉक्टरांनी तिला सांगितलंय की डावा कान गेलाच, उजवा फार तर वर्षभर साथ देईल. मग यंत्र लावलं तरी बोलणं कळेल, पण गाणं गाणं वाटणार नाही. हे तिने मला उद्यापासून पेपरवाला येणार नाही म्हणून सांगावं तितक्या सहज सांगितलं. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. (हो म्हणायची मला खोड आहे आणि निस्तरायला ही आहे, असा आमचा संसार.) मग खोलीत येऊन विचार केला, की बाबांचा बँड आता आहे कुठे? ट्रम्पेटवाल्याने कवळी बसवून घेतली, तेव्हापासून त्याने फुंकर मारली की आधी कवळी निघते. ड्रमकाका मुलीकडे परदेशी. व्हायोलिनवाले दोघे बाबांच्याही आधी गेले. उरलो मी आणि माझी क्लॅरिनेट, आणि आम्हा दोघांनाही जिना चढल्यासारखा दम लागतो. बाबांच्या हातची नोटेशनची वही तेवढी शाबूत आहे.

म्हणून तुझ्या बाळ्याला फोन केला. (तो सहा फुटांचा झाला, दाढी ठेवली, चार माणसं हाताखाली आली, तरी बाळ्याच.) तो म्हणाला, मामा, अख्खा बँड कॉम्प्युटरवर मिळतो. दोन वस्तू लागतात म्हणे. एक संगीत रचायचं सॉफ्टवेअर, म्हणजे आपला रिकामा हॉल समज. दुसरं आवाजांच्या लायब्ररीचं ॲप, त्यात खऱ्या वाद्यांचे एकेक सूर टिपून ठेवलेले असतात, बारा हजारांच्या वर. ते झाले वादक. वादकांना हॉलमध्ये आणून बसवायचं की झालं, पाच मिनिटांचं काम. ताई, तुझ्या मुलाची पाच मिनिटं आणि तुझा पुढचा महिना ही एकाच घड्याळातली वेळ आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नुसते वादक उतरवून घ्यायला दोन दिवस लागले. जागा पुरेना, तेव्हा हिच्या भावाच्या लग्नाचे चारशे फोटो काढून टाकले. (हे वाक्य हिच्यापर्यंत जाता कामा नये.) एवढं करून हॉल उघडला तर तिथे चिटपाखरू नाही. सॉफ्टवेअर म्हणतं, अशी कुठली लायब्ररी माझ्याकडे आलेलीच नाही. ॲप म्हणतं, सगळं नीट बसवलंय, वाजवा. म्हणजे वादक दारात उभे आणि मालक म्हणतोय कोणी फिरकलंच नाही. बाळ्या तिकडून फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होता, मामा तिथे नको, खाली, उजवीकडे, अहो तुमचं उजवं. शेवटी उलगडा झाला की मी ॲप एका फोल्डरमध्ये बसवलं होतं आणि सॉफ्टवेअर त्याला भलत्याच फोल्डरमध्ये शोधत होतं. दोघांची गाठ घालून दिली, यादीत नावं झळकली, आणि मी एक ड्रम निवडून बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही. मग सगळे ड्रम एकामागून एक दाबत सुटलो, कुठली वायर निघाली ते बघायला टेबलाखाली शिरलो, आणि कंबर तिथेच राहिली.

वायर बियर काही निघाली नव्हती. आईला रेडिओ ऐकू यावा म्हणून तिच्या उशाशी जो मोठा बिनवायरचा स्पीकर ठेवलाय, त्याच्याशी कॉम्प्युटरने परस्पर संधान बांधलं होतं. इकडे मी एकेक ड्रम बडवतोय आणि तिकडे आईला वाटतंय कोणीतरी दार ठोठावतंय. बिचारी दर वेळी उठून दार उघडून येत होती. चौदा वेळा. पंधराव्यांदा ती दार उघडं टाकून समोरच खुर्ची घेऊन बसली आणि मला म्हणाली, जो कोणी आहे तो लाजतोय फार. मी टेबलाखाली होतो, त्यामुळे माझा चेहरा तिला दिसला नाही हे बरं झालं.

आता माझी खरी चूक ऐक. ॲपने विचारलं, तुमच्याकडचे आवाज कुठे आहेत? तिथे नव्या लायब्ररीचा फोल्डर दाखवायचा होता. पण आपल्या घराची रीत तुला माहीत आहे. बाबांच्या वेळी सगळे कागद एकाच पत्र्याच्या पेटीत, औषधाच्या चिठ्ठ्यांपासून शाळेच्या दाखल्यांपर्यंत, आणि पेटीवर लिहिलेलं 'महत्त्वाचे'. मीही कॉम्प्युटरवर तेच केलंय. 'महत्त्वाचे' नावाचा एकच फोल्डर, त्यात सगळं. मी प्रामाणिकपणे तोच दाखवला. ॲप दीड दिवस त्यातला प्रत्येक आवाज ऐकत बसलं, त्याचे तुकडे केले आणि वाद्यांप्रमाणे कपाटात लावून मोकळं झालं. माझं घोरणं (हिने पुरावा म्हणून टिपलेलं) 'बेस, दीर्घ, उबदार' या खणात. ही मला दुकानातून काय काय आणायचं ते फोनवर सांगून ठेवते ना, ते 'तीव्र, आक्रमक, तालबद्ध' या खणात. हिने ते वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी अत्यंत मंद आणि बेताल बोलली. भावोजींची ती शिंक, तुझ्या वाढदिवसाच्या व्हिडिओतली, ती मात्र कुठल्याच खणात नाही. ॲपचीही काही सहनशक्ती असेल.

असो. बारा दिवस खपून मी वॉल्ट्झ उभा केला. वहीतला सूर न् सूर, ट्रम्पेट, व्हायोलिनं, ड्रम, सगळं जागच्या जागी, एकही जण प्यालेला नाही, एकही जण उशिरा आलेला नाही. आईला खुर्चीत बसवून, उजव्या कानाशी स्पीकर ठेवून ऐकवला. तिने शेवटपर्यंत ऐकला, माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, छान आहे रे, कोणाचा आहे? मी म्हटलं, अगं बाबांचा. ती म्हणाली, नाही, त्यांचा असा नव्हता. मग मी वेग कमी केला, वाढवला, व्हायोलिनं बदलली. ती प्रत्येक वेळी तेवढ्याच प्रेमाने नाही म्हणायची. ताई, खरं सांगतो, मला रडू यायला लागलं होतं. तिचं ऐकणं दिवसागणिक कमी होतंय आणि मी कपाटातून व्हायोलिनं काढून दाखवतोय.

शेवटी वाटलं, घंटीत चूक असेल. दुसऱ्या ओळीच्या शेवटी सगळा बँड गप्प होतो आणि तुझी घंटी एकदाच वाजते, आठवतंय ना? नऊ वर्षांची तू, उलट्या खोक्यावर उभी, दोन्ही हातांनी ती पितळी घंटी धरलेली, आणि माझी नुसती जळजळ. मी ॲपमध्ये 'घंटी' असं शोधलं. चारशे बारा निघाल्या. आणि सगळ्यात खाली चारशे तेरावी, 'महत्त्वाचे' मधून आलेली, पुढे लिहिलेलं, 'ताल अनिश्चित'. बाळ्याने मागे बाबांच्या तालमींच्या कॅसेट कॉम्प्युटरवर चढवून दिल्या होत्या, त्यांतल्या शेवटच्या कॅसेटचं ते शेपूट होतं. जपून ठेवायचं म्हणून ठेवलं आणि एकदाही ऐकलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा.

कॅसेट संपता संपता बाबांनी वॉल्ट्झ सुरू केलाय. आधी लाकडी पेटीवर अंगठीची टकटक, तीनदा. (मी लावलेल्या सगळ्या वेगांपेक्षा संथ. आई बरोबर होती.) मग दोन ओळी. मग बँड थांबतो. आणि घंटी नाही. पहिल्यांदा मला वाटलं कॅसेट संपली. तर त्या शांततेत कोणीतरी खाकरतं, ड्रमकाका असणार, आणि बाबांचा आवाज येतो, अगदी हळू, "थांबा. येतेय ती." आणि मग येते तुझी घंटी, चांगली दीड श्वास उशिरा, आणि सगळा बँड हसत हसत पुढची ओळ उचलतो. तिथे कॅसेट संपते.

मी ते आईला ऐकवलं. बाबांचं वाक्य तिला ऐकू आलं की नाही, मला सांगता येणार नाही. घंटीवर मात्र तिने मान हलवली आणि म्हणाली, हां, हा त्यांचा. तू कायम उशिरा वाजवायचीस म्हणे, आणि दुसऱ्या कोणी वहीत मात्रा मोजून लिहिली असती तिथे बाबांनी नुसतं 'ताई' असं लिहून जागा सोडलीय. वही काढून पाहिली. खरंच तसं आहे. बारा दिवस ते अक्षर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते वाद्याचं नाव समजत होतो.

आता सॉफ्टवेअर विचारतंय, या जागी किती सेकंद थांबायचं? त्याला आकडा हवाय. मी काय आकडा घालू? कॅसेटमधला तुकडा चिकटवून पाहिला, पण तो एका तालमीपुरता खरा होता. तू दोनदा सारखीच कधी वाजवली नाहीस. म्हणून मी वॉल्ट्झचे दोन तुकडे केलेत. दुसरी ओळ संपली की कॉम्प्युटर गप्प, आणि पुढचा तुकडा माझ्या बोटाखाली. बाबांसारखं मी थांबणार, बाकी बँड आपोआप थांबेल. इतके उपद्व्याप करून मी एवढंच शिकलो. बाळ्याला सांगितलं तर म्हणाला, मामा, हे चुकीच्या पद्धतीने केलंत पण बरोबर केलंत.

बाकी सर्व ठीक. भावोजींना गुडघा शेकायला सांग. हिचा तुला नमस्कार, आणि तू 'आक्रमक' आहेस की 'मंद' ते ॲपला विचारून कळव असा निरोप आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. ती घंटी तुझ्याकडे आहे. बैठकीतल्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, फुलदाणीच्या मागे. गेल्या खेपेला पाहिली होती. कृपा करून फोनवर वाजवून पाठवू नकोस. इथे चारशे तेरा आहेत, त्यात भर नको.

ता. क. दुसरा. आग्रह केलेला नाही असं मी सुरुवातीला लिहिलंय, ते खोटं आहे. बाबा गेल्यापासून चार वर्षं तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. का ते मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे. ते खोलीत नाहीत हे मलाही रोज सकाळी नव्याने कळतं. पण कॅसेटच्या त्या शेपटात, थोडे सेकंद का होईना, ते इथे आहेत, आणि तुझीच वाट बघतायत. एकवीस तारखेला संध्याकाळी पाचला ये. पाचला म्हणजे तुझ्या हिशेबाने साडेसहाला.

ता. क. तिसरा. पत्र बंद करण्याआधी आईने मागून घेतलं, भिंग लावून पूर्ण वाचलं, आणि खाली तिला दोन शब्द लिहायचे आहेत म्हणाली. अक्षर हललंय, सांभाळून वाच:

घाई करू नकोस गं. आम्ही थांबतो.