घरातल्या सगळ्यांना आवडलेली शाल

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदापुरताच. आठवडाभर कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच करते आहे. गोड मानून घे.)

तुझे गुडघे काय म्हणतात? नवी कवळी बसली का, की अजून डब्यातच हसते आहे? इकडे आम्ही सगळे मजेत. दादाचं पोट मजेत आहे, वहिनीच्या कुंड्या मजेत आहेत. हे पत्र मी सांगते आहे आणि दादाची लेक लिहिते आहे. ती कॉलेजात जायला लागली तरी घरात अजून छोटीच. तसं फोनला सांगितलं तर फोनही लिहून देतो, पण तो माझी वाक्यं स्वतःच्या मनाने सुधारतो. छोटीही सुधारते, पण तिला निदान दटावता येतं. तिला बजावून ठेवलंय की मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, मग ते तिच्याबद्दल का असेना. ती हो म्हणाली. आवाज जरा बारीक आला.

पत्राला कारण असं काही नाही, नुसती तुझी आठवण आली. तू आमच्याकडे येऊन किती वर्षं झाली! दादाने हे घर घेतलं तेव्हा तू दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहून विचारलंस की हा दवाखाना छान आहे, पण नंबर कधी लागणार. तेव्हापासून तुला बोलवायचा विषय निघाला की वहिनीला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. तुझ्या तोंडाला घरात सगळे घाबरतात. मीही घाबरायचे. हल्ली मात्र मला त्या तोंडाची फार आठवण येते.

बातमी एकच. आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे मुलींची हस्तकलेची शाळा आहे, तिथे विणकाम शिकवायला बाई हव्या आहेत. मी काठी टेकत गेले. तिथल्या मुख्याध्यापिकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले (ते सोडवून घ्यायला बराच वेळ लागला) आणि म्हणाल्या, उद्यापासूनच या, तुम्ही वर्गात नुसत्या बसलात तरी मुलींना केवढी प्रेरणा मिळेल. मी म्हटलं, बाई, प्रेरणेसाठी भिंतीवर तसबीर लावा, ती चहाही मागणार नाही. मला मोज्याची टाच वळवता येते, रंग घालून नक्षी विणता येते, ते बघा आणि मग ठरवा. तर त्या म्हणाल्या, बघायचं काय त्यात, तुमचं काम सुंदरच असणार. मावशी, मला दिसत नाही, तरी न बघता मत देण्यात कोणीतरी माझ्यावर मात करेल असं वाटलं नव्हतं! शेवटी मीच हट्टाने ठरवून आले की महिनाअखेर दोन रंगांतला एक नमुना आणून देईन, आवडला तरच घ्यायचं. मला ही नोकरी हवी आहे. शाळेत असताना डोळे गेले त्यानंतर दुसरं काही इतकं हवंसं वाटल्याचं आठवत नाही. पण ती माझ्या विणकामाला मिळायला हवी, माझ्या काठीला नको.

आता अडचण ऐक, ती शाळेच्या आधीपासूनची आहे. दादा-वहिनींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्याचा समारंभ करायचा ठरला, आणि समारंभ म्हणजे घराची रंगरंगोटी आलीच. मला दोन दिवस मैत्रिणीकडे धाडलं आणि परत आले तर माझ्या खोलीचा कायापालट! हा मला सुखद धक्का होता. धक्का पुरेपूर बसला. तुला माहीत आहे, माझी लोकर कापडी पिशव्यांत असते आणि प्रत्येक पिशवीच्या तोंडाला दादाच्या जुन्या शर्टांची बटणं शिवलेली असतात. एक मोठं बटण म्हणजे निळा, दोन बारकी म्हणजे राखाडी, हूक म्हणजे पांढरा. (निळा मला चांगला आठवतो. राखाडी आठवायला कोणालाच कष्ट पडत नाहीत.) वहिनीला त्या पिशव्या गबाळ्या वाटल्या. त्यांचं पायपुसणं झालं, बटणं एका बरणीत गेली आणि माझी लोकर आली नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या डब्यांत. डबे कसले, तर पारदर्शक. म्हणजे आत्या, तुला शोधावंच लागणार नाही, असं मला सांगण्यात आलं. शिवाय प्रत्येक डब्यावर छोटीने रंगाचं नाव लिहून चिठ्ठी डकवली. अक्षर फार वळणदार आहे म्हणतात. (छोटी, थांबलीस का? लिही. तुझ्या अक्षराचं कौतुकच चाललंय.)

बरं, मी डब्यांचा क्रम पाठ केला. डावीकडून राखाडी, निळा, पांढरा, असा. पण दादाला तसबिरीचा खिळा ठोकायचा होता, म्हणून त्याने डबे खाली उतरवले आणि परत ठेवताना मोठे खाली, छोटे वर असे नीट लावले. दादा टापटिपीचा माणूस आहे. टापटिपीच्या माणसाइतकं नुकसान पसाऱ्याच्या माणसाला जन्मात जमत नाही.

मी वहिनीसाठी शाल विणायला घेतली होती, राखाडी अंगाची आणि निळ्या काठाची. आता तुला वाटेल, खोलीचं दार लावून गुपचूप विणत बसले असेन. अजिबात नाही. दिवाणखान्यात, खिडकीपाशी, सगळ्यांच्या नाकासमोर विणत होते. दादा शेजारी बसून पेपर वाचत होता. वहिनी समोर भाजी निवडत होती. छोटी येता-जाता शालीवरून हात फिरवून, किती मऊ, म्हणत होती. (मऊ! तेव्हाच मला कळायला हवं होतं. रंगाबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं.) मध्येच वहिनी त्या शालीवर चालेल अशी साडी शोधायला बाजारात गेली, दुकानांमागून दुकानं पालथी घातली आणि शेवटी पांढरी घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, पांढऱ्यावर काहीही खपतं.

समारंभाला हॉल घेतला होता. मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, जिथून सगळ्यात छान दिसतं. दादाने भाषण केलं. त्यात स्वतःच्या लग्नाबद्दल चार वाक्यं होती आणि बाकी सगळं माझ्याबद्दल. माझी बहीण जगाचे रंग बोटांनी बघते, असं म्हणून त्याने वहिनीच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या पडल्या. पण टाळ्यांच्या आधी एक थांबा आला. चालता चालता एखाद्याच्या चपलेचा अंगठा तुटावा, तसा. आणि तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, फोटोपुरती ती शाल जरा काढून ठेवता का? फार डोळ्यांवर येतेय." लगेच कोणीतरी त्याच्या पायावर पाय दिला, कारण तो कळवळला. दादा मोठमोठ्याने हसायला लागला. दादा खोटं बोलायच्या आधी नेहमी हसतो, हे तू त्याच्या लहानपणीच सांगून ठेवलंस.

घरी आल्यावर मी एकेकाला गाठून विचारलं. दादा म्हणाला, अप्रतिम. वहिनी म्हणाली, वेगळी आहे. छोटी म्हणाली, आत्या, त्यात तुझं प्रेम दिसतं. (तिघांची उत्तरं इतकी नीट आहेत की पाठ करून बसले असणार.) दुसऱ्या दिवशी उरलेल्या लोकरीचे दोन तुकडे घेऊन मी लोकरवाल्याकडे गेले. त्या बिचाऱ्याला आमच्या घरची रीत ठाऊक नाही. तो म्हणाला, ताई, हा भडक नारिंगी आणि हा पोपटी, झबल्या-टोपड्यांसाठी तुम्हीच नेला होतात. म्हणजे माझी वहिनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, भरल्या हॉलमध्ये, नारिंगी अंगाची आणि पोपटी काठाची शाल पांघरून हसत उभी होती!

मी तिथेच हसत सुटले. मग रस्त्यात मला रडू आलं. शाल बिघडली म्हणून नाही गं. शाल उसवता येते. मी रोज त्यांच्यात बसून ती विणत होते आणि तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की हिला सांगावं. कुठे जिन्याची पायरी आली तरी ओरडून सांगतात, मग हे का नाही? वहिनीने भाजीत मीठ जास्त घातलं तर दादा शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलतो. ती त्याची बायको आहे म्हणून. मी फक्त बिचारी आहे.

मग मात्र मी जिद्दीला पेटले. म्हटलं, बघूया हे कुठवर ताणतात. दादासाठी स्वेटर विणला, त्याची डावी बाही उजवीपेक्षा चांगली वीतभर लांब ठेवली. दादाने घालून बघितला आणि म्हणाला, अगदी मापात बसला, हाताला ऊब राहते. ऑफिसलाही घालून गेला! वहिनीला हातमोजे केले, त्यातल्या डाव्याला चारच बोटं. ती म्हणाली, हल्ली अशीच असतात. आता ती एका खणात दोन बोटं कोंबून कुंड्यांना पाणी घालते आणि शेजारीण विचारते, भाजलं का हो? छोटीला टोपी केली ती हनुवटीपर्यंत येणारी. ती घालून पोरगी दारावर आपटली आणि आतून म्हणाली, मस्त आहे. (का गं छोटी, लिहिताना नाक का ओढतेस? सर्दी झाली असेल तर टोपी घाल.)

तर मावशी, अशी ही सगळी गंमत. शाळेसाठीची शालही विणून झाली आहे. राखाडीवर निळी नक्षी, या वेळी लोकरवाल्याकडून एकेक गुंडा विचारून घेतला आणि बटणं पुन्हा शिवली. घरात सगळ्यांना ती अप्रतिम वाटली. चार बोटांच्या हातमोज्यांइतकीच अप्रतिम. आता तूच सांग, त्या अप्रतिमचं मी काय करू? नमुना चांगला असेल तर मी मान वर करून शाळेत जाईन. वाईट असला तरी त्या बाई मला घेणारच आहेत, आणि मग मी जन्मभर तिथे तसबीर होऊन बसेन.

प्रकृतीला जप. जिना उतरताना कठडा धर. दादा-वहिनींचे तुला नमस्कार. (ते त्यांनी सांगितलेले नाहीत, पण विचारलं असतं तर हसून हो म्हणाले असते.)

तुझी लाडकी आणि तेवढीच हट्टी,
भाची

ता. क. नुसती आठवण आली म्हणून लिहिलं हे खोटं आहे. महिना संपायच्या आत ये. आल्यावर पाणीसुद्धा पिऊ नकोस, सरळ माझ्या खोलीत ये, शाल उलगड आणि तुला जे वाटेल ते तुझ्या त्या दवाखानावाल्या आवाजात बोल. वहिनीला मी सांभाळते.

ता. क. दुसरा. छोटीने पत्र जसंच्या तसं लिहिलंय असं ती म्हणते. मला कसं कळणार? पण तिच्याचकडून लिहून घ्यायचं मी मुद्दाम ठरवलं होतं. आता मी चहा करायला उठते आहे. तोवर तिने पाकीट बंद करायचं की आणखी काही करायचं, हे तिचं ती बघेल.

मावशीआजी, मी छोटी. आत्या स्वयंपाकघरात आहे. मी दोन ठिकाणी तिचं बोलणं मवाळ करून लिहिलं होतं, ते खोडून पुन्हा नीट लिहिलंय, म्हणून मध्ये शाई फासली आहे. नारिंगी रंग मला पहिल्याच दिवशी दिसला. वाटलं, उद्या सांगू, आणि उद्यापर्यंत शाल आणखी वीतभर विणून झालेली असायची. नंतर तर सांगायची लाजच वाटायला लागली. नवी शाल खरंच सुंदर आहे. नक्षी इतकी रेखीव आहे की मला रागच आला, कारण मला साधा मफलर जमत नाही. पण मधल्या पट्ट्यातला निळा बाकीच्या निळ्यापेक्षा हिरवट आहे. लोकर दुसऱ्या खेपेला रंगवलेली असणार. हाताला कळण्यासारखं नाही, पण उजेडात धरली की लगेच दिसतं. मी हेही कालच बघितलं होतं आणि अप्रतिम म्हणाले होते. आता आत जाऊन तिला हे वाचून दाखवते.

ता. क. शेवटचा (पुन्हा मी). तिने वाचून दाखवलं. माझा चहा उतू गेला. मधला पट्टा उसवायला घेतला आहे, छोटी समोर बसून लोकर गुंडाळते आहे, मध्येच थांबून हे लिहिते आहे, रडते आहे आणि उद्या माझ्याबरोबर लोकरवाल्याकडे येऊन गुंडे उजेडात धरून बघणार आहे. नमुना वेळेत होईल, आणि चांगला होईल, हे आता मला माहीत आहे. तेव्हा मत द्यायला यायची तुला तसदी नको. पण तरी ये, आणि लवकर ये, कारण पोरीला आता खरं बोलण्याची चटक लागली आहे. माझा चहा आजवर कोणीच आवडीने प्यायलेला नाही, मी गाते तेव्हा दादा मुद्दाम नळ सोडतो आणि माझी आवडती साडी मागून विरली आहे, हे एवढं मला गेल्या पाच मिनिटांत कळलंय, आणि ती अजून थांबलेली नाही. हिला आवरणारं तुझ्याशिवाय कोणी नाही.