पोशेऱ्याच्या बोहाड्यात गल्याथ

जव्हार, फेब्रुवारी १९१४

तीर्थस्वरूप मामा यांच्या चरणी भाचा अमृत याचा प्रभूमध्ये कृतानेक सलाम. आपली प्रकृती बरी असेल, मामींचा गुडघा थंडी सरल्यावर ताळ्यावर आला असेल आणि साहेबांचं मराठी आपल्या शिकवणीनं दिवसेंदिवस सुधारत असेल, असं धरून चालतो. (मागल्या खेपेस त्यांनी मला ‘तू सुखरूप मेलास का’ असं विचारलं. पोचलास का, असं म्हणायचं असावं. मी ‘आपल्या कृपेने’ म्हणालो.) माझं म्हणाल तर मी ठणठणीत आहे, फक्त कपाळावर कायमचं टेंगूळ आहे. इथली दारं इथल्या माणसांच्या मापाची, आणि मला तुम्ही लहानपणापासून शिडी म्हणत आलात ते काही उगीच नाही. खोलीत शिरताना आणि निघताना माझा चौकटीला नमस्कार होतोच. माझी घरमालकीण लाडकी म्हातारी विचारते की तुमच्यात मूर्तीला नमस्कार चालत नाही, तर मग चौकटीला कसा चालतो. याचं उत्तर मी शोधतो आहे.

आता मुद्द्याचं. मामा, तुम्ही साहेबांचे मुनशी, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. तुमच्याच शब्दावर ही जागा मला मिळाली, तेव्हा तुमच्याच शब्दावर ती जाऊ द्या. माझी बदली करवा. कुठंही चालेल, जिथं पोरं कमी विचार करतात असं एखादं गाव बघा. साहेबांनी विलायतेला धाडलेल्या अहवालात ‘जव्हार कॉलेजातील विद्यार्थ्यांमध्ये सुवार्ताकार्य’ असं लिहिलं आहे म्हणे. ते कॉलेज मला अजून सापडलेलं नाही. इथं संस्थानची एक इंग्रजी शाळा आहे आणि तिच्या मागे बोर्डिंग, त्यात डोंगरातल्या पाड्यांवरची मुलं राहतात. त्यांतल्या काहींना मिशा फुटल्या आहेत, तेवढ्यापुरतं कॉलेज खरं. होळीच्या सुमारास साहेब जातीनं कॉलेज बघायला येणार आहेत आणि ऐकणारे दिसले नाहीत तर जागा बंद करणार आहेत, हे तुम्हीच कळवलंत. त्याआधीच मला इथून उचललंत तर दोघांचीही अब्रू राहील.

शाळेचे हेडमास्तर विद्वांस म्हणून आहेत. फार सभ्य गृहस्थ, इतके सभ्य की त्यांच्याशी भांडताच येत नाही. त्यांनी मला परवानगी दिली ती अशी, की शनिवारी शाळा सुटल्यावर, आवाराच्या बाहेर, आंब्याच्या पारावर बसून गोष्टी सांगा, पण बाटवाबाटवीचं काढू नका. मी म्हटलं, गोष्टीच सांगणार. त्यांना वाटलं मी नमतं घेतलं. (मलाही रात्री तसंच वाटलं.) शिवाय या गृहस्थांनी पुण्यास कॉलेजात असताना नवा करार वाचून त्यावर बक्षीस मिळवलेलं आहे. माझ्या तोंडून वचन चुकलं की ते खिडकीतून हळूच दुरुस्त करतात.

पहिल्या शनिवारी मी पेरणाऱ्याचा दाखला घेतला. म्हटलं, शेतकऱ्यांची मुलं आहेत, शेतातलंच काढावं. पेरणारा पेरायला निघाला, काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत. इथपर्यंत आलो आणि पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. पोशेऱ्याचा फागू म्हणून एक आहे, वयानं थोर आणि बोलण्यात संथ. तो म्हणाला, “मास्तर, हा मानूस राब भाजत नाय का?” इकडे आधी पालापाचोळा जाळून राब भाजायचा, त्यात रोप करायचं, मग ते उपटून लावायचं. वाटेवर आणि खडकावर बी उधळणारा माणूस पोशेऱ्यात निघता तर बायकोनं त्याला घराबाहेर काढला असता, असं सर्वांचं मत पडलं. पुढच्या शनिवारी हरवलेलं मेंढरू घेतलं. एका मेंढरासाठी नव्व्याण्णव रानात सोडून जाणारा मेंढपाळ ऐकून तर त्यांना त्याची काळजीच वाटली. वाघ असतो ना मास्तर, त्या बाकीच्यांजवळ कोण बसलां? मी म्हटलं, प्रभू होता. ते म्हणाले, मग त्या एकाजवळ पन व्हताच की. खिडकीतून विद्वांस खोकले. (त्यांना खोकला नाही, मी चौकशी केली आहे.)

असा पावसाळा गेला, हिवाळा आला. मी पत्रकं वाटली ती पोरांनी दोन्ही हातांनी घेतली, आणखी मागितली. मी साहेबांना अभिमानानं कळवलं की पत्रकं पुरत नाहीत. श्रोते मात्र शनिवारागणिक पातळ होत चालले. शेवटी फागू आणि नवसू एवढेच उरले. फागू भिडेखातर येई, आणि नवसू इतका लहानखुरा की त्याला कोणी खेळायला घेत नसे म्हणून येई. मामा, तुम्हाला म्हणून सांगतो, त्या दिवसांत पारावरून उठून खोलीवर येताना मला रडू येई. आपण जे सांगतो ते खरं आहे अशी माझी खात्री आहे, आणि ‘पुढं काय झालं’ एवढं विचारणारं एक माणूस मला सहा महिन्यांत भेटलं नव्हतं.

मग त्या दिवशी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी दावीद आणि गल्याथ काढला. सहा हात आणि एक वीत उंचीचा राक्षस, पितळेचा टोप, रोज सकाळ-संध्याकाळ येऊन इस्राएलांना शिव्या घालतो, राजासकट सगळे घाबरून बसले आहेत, आणि एक मेंढरं राखणारं पोर ओढ्यातले पाच गोटे उचलून पुढं होतं. मी म्हणालो, त्याच्या हातात होती गोफण. नवसू बसल्या जागी उभा राहिला. गोफण म्हटल्यावर पलीकडे विटीदांडू खेळणारेही आले. नागलीचं पीक पाखरांपासून राखायला माळ्यावर बसून ज्यांचं बालपण गोफणीतच गेलं त्यांना मी काय सांगणार होतो? तेच मला विचारू लागले. गोटा केवढा व्हता? दोरी वाखाची का सुताची? डोक्यावर टोप व्हता तर कपाळ उघडं व्हतां का? आणि मग, एका तोंडानं: “मंग काय झालां?”

मामा, गोटा कपाळात बसून राक्षस आडवा कसा झाला ते सांगताना मी पारावरून खाली उतरलो होतो.

काय झालां ते दाखवायला नवसूनं कमरेची गोफण सोडली आणि गोटा भिरकावला. नेम त्यानं आंब्याच्या एका वाळक्या डहाळीवर धरला होता. डहाळी पडली. गोटा मात्र पुढं गेला, आणि शाळेला जी एक काचेची खिडकी आहे तिच्यात शिरला. विद्वांस बाहेर आले. आता मला हाकलणार अशी माझी खात्री होती, मी बिछाना मनातल्या मनात गुंडाळलाही. ते फक्त एवढंच म्हणाले की, उपदेशक, पहिला दगड कोणी मारावा याबद्दल तुमच्या ग्रंथात काही अट आहे असं वाचल्याचं स्मरतं. आणि आत जाऊन फुटक्या काचेतून पुढली गोष्ट ऐकायला बसले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. संक्रांतीला पोरं घरी गेली आणि परत आली ती फागूच्या चुलत्याला, ढवळूबाबांना घेऊन. बोहाडा म्हणजे काय ते तिकडे कोणी सांगितलं नसेल. होळीच्या दिवसांत इकडे गावोगाव देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. मोठाले मुखवटे घालून, संबळाच्या ठेक्यावर, एकेक सोंग नाचत येतं, देव-राक्षसांची लढाई होते, राक्षस पडतो, बायका ओवाळतात. पोशेऱ्याच्या बोहाड्याचा सगळा कारभार ढवळूबाबांकडे. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाले की यंदा आमच्याकडे गल्याथ येतो आहे. मुखवटा तयारही झाला होता. मुलांनी तो दाखवायला आणला. मोठे डोळे, लाल जीभ, सुळे, आणि आतून बघतो तो कागदाच्या लगद्यावर आपलीच अक्षरं: ‘पश्चात्ताप करा’, जबड्याच्या आतल्या बाजूला. पत्रकं कुठं खपत होती ते कळलं.

मी खवळलो. देवाची आज्ञा आहे, प्रतिमा करू नका, असं खडसावून सांगितलं. फागू नेहमीसारखा संथ. म्हणाला, तुमचा देव सोंगात येत नाय, त्याला आमी आनला पन नाय. पन गल्याथ तुमचा देव हाय का? मी त्या रात्री दहाही आज्ञा पुन्हा वाचल्या, राक्षसाबद्दल स्पष्ट असं काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वेगळं अस्त्र काढलं. म्हटलं, तुम्ही पडलेल्या राक्षसालाही ओवाळता, तांदूळ लावता, नारळ देता, हे तर चुकीचंच. देवाच्या शत्रूचा कसला मान? ढवळूबाबा म्हणाले, “तो दर वरसाला मरायला येतो बिचारा. त्याला पाव्हनचार नको का?”

शत्रूंवर प्रीती करा, हे मी त्या पारावर सहा महिने सांगत होतो आणि कोणी कान देत नव्हतं. मी खिडकीकडे पाहिलं, तर या खेपेस विद्वांस खोकलेसुद्धा नाहीत.

तर अशी ही परिस्थिती. होळीला साहेब येणार, कॉलेज नाही, काच फुटलेली, आणि शुभवर्तमानाची पत्रकं लाल जीभ काढून पोशेऱ्यात नाचणार. तेव्हा बदलीचं मनावर घ्या. मामींना सलाम. गुडघ्याला तिळाचं तेल चोळायला सांगा.

आपला आज्ञाधारक भाचा,
अमृत याकोब पाटोळे
उपदेशक, जव्हार कॉलेज (साहेबांच्या मते)

ता. क. खोडाळ्याच्या बाजारास जाणारा गाडीवान आला नाही, म्हणून पत्र दोन दिवस राहिलं. तेवढ्यात एक गोष्ट कळली. पोशेऱ्यात रीत अशी आहे की सोंग नाचण्याआधी त्याची गोष्ट चौकात सगळ्या माणसांना सांगायची, आणि ती सांगायची ज्यानं सोंग घेतलं त्यानंच. बोहाड्याला आसपासची सगळी गावं लोटतात. गल्याथाची गोष्ट ठाऊक असलेलं घराणं पोशेऱ्यात एकही नाही. सबब बदलीचं साहेबांच्या कानावर इतक्यात घालू नका.

आणखी ता. क. साहेबांना होळीऐवजी पाडव्यानंतर पाठवा. त्र्यंबकावरून येणारा रस्ता वाईट आहे असं सांगा. (तो आहेच.) मी कुठं आहे असं विचारलं तर डोंगरात मोठी सभा घ्यायला गेलो आहे म्हणा, हेही खोटं नाही. आणि नाताळच्या नाटकात हेरोदाच्या शिपायाला घातला होता तो पितळेचा टोप गाडीवानाबरोबर जरूर धाडा.

शेवटचं ता. क. टोप मुखवट्याच्या वर मिरवायला नको, आत घालायचा आहे. दावीद नवसू होणार. गोफणीत दगड नाही, नागलीच्या पिठाचा गोळा असतो, असं मला सर्वांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. काल तालमीत त्याच गोळ्यानं मुखवट्याच्या कपाळाला भोक पडलं. (मुखवटा तेव्हा खुंटीवर होता.) पोराचा नेम चुकत नाही. तरी टोप कपाळावर चांगला खालपर्यंत येईल असा ठोकून घ्या. माप वेगळं पाठवत नाही, माझ्या लग्नात फेटा तुम्हीच बांधला होता.