नाव न घेता

ताई,

वर तुझं नाव घातलेलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव शोक सरेपर्यंत घ्यायचं नाही, हे तूच शिकवलंस.

गेल्या हिवाळ्यात कोर्ट आपल्या झऱ्यावर बसलं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानं आपल्यासारख्या आदिवासींना झरा परत हवा, तर तो पिढीजात आपला हे पटवायला तो आपल्याला कोणी दाखवला ते सांगावं लागतं. सरकारी वकील म्हणाला, "नाव सांगा, नाहीतर दावा पडेल." मी गप्प.

नापालजारी आत्या खेकसली, "साहेब, टायर विकताना याचं तोंड मिटत नाही. आज मिटलंय, म्हणजे गेलेल्या बहिणीनंच दाखवला. लिहा!" न्यायाधीशांनी हसत लिहून घेतलं.

आज निकाल आला. झरा आपला झाला. सगळे नाचताहेत. मला मात्र तुला नावानं हाक मारायचीय. आपली माणसं ते नाव मोकळं करतील, त्या दिवशी झऱ्यावर येऊन हाक मारीन. ओ दे.

तुझा धाकटा,
जुंगारायी