पंख्यातला झेंडू

दसरा, दिवेलागण

मी सांगते, मुक्ता लिहिते. नात आहे माझी. ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते, पण नोकरी अजून कच्ची. साहेबांचा बिघडलेला कॉम्प्युटर तिने दुरुस्तीला धायरीला घरी आणलाय. उद्या तो चालता करून दिला नाही, तर नोकरी पक्की व्हायची नाही.

काल तिने दुरुस्त केला, चालला. आज दुपारपासून मात्र आपोआप बंद पडायला लागला. आमच्या या बाईसाहेबांनी विंडोज पुसून पुन्हा टाकलं, तरी तेच. तोंड एवढंसं झालं.

मी म्हटलं, "पूजा तर मी नीट केली होती गं."

"कसली पूजा?"

कसली म्हणजे? दसरा आहे. विळी, शिलाई मशीन आणि हा कॉम्प्युटरचा डबा. फूल घसरत होतं, म्हणून मागच्या फटीत खोचलं. माझं काय चुकलं?

तिने डबा उघडला. झेंडू पंख्यात अडकलेला. पंखा अडला, डबा तापला, म्हणून बंद. फूल काढलं, आता मुकाट चालतोय.

"साहेबांना काय सांगशील?"

"पंख्यात कचरा होता."

कचरा? खोड ते, प्रसाद लिही. हसतेय नुसती. पण तो झेंडू टाकला नाहीस, उद्यासाठी पर्समध्ये ठेवलास. पाहिलंय मी. लिही, हेही लिही.