सोनलच्या हळदीचं गाणं

फैजपूर,
८ एप्रिल २०२५

प्रिय रुपसिंग,

तुम्हा सगळ्यांना नमस्कार. तुझ्या सोनलच्या हळदीची धांदल चालू असेल. इकडे उन्हानं केळीची पानं करपायला लागली आहेत. परवा बोदवडला भाषण झालं. विषय नेहमीचाच, 'दुरुस्त करा, फेकू नका'. टाळ्या खूप पडल्या.

त्याच हट्टापायी मी माझी हार्ड डिस्क दहा वर्षं बदलली नाही. तुझी वहिनी सुलक्षणा कितीदा म्हणाली, "अहो, पाच वर्षांनंतर तिचा भरवसा नसतो. नवी घ्या, आणि आणखी एक प्रत वेगळी ठेवा." मी तिला बाजाराच्या गुलामीवर व्याख्यान दिलं. ती म्हणाली, "माईक नाहीये इथं."

ती डिस्क झोळीत टाकून मी एसटीनं गावोगाव हिंडलो. प्रत्येक सभेत तिच्यातून तुझ्या आईचं, बिजलीमायचं गाणं वाजवलं. दिवाळीनंतर ती टकटक आवाज करू लागली. तेव्हाच बंद करायला हवी होती. पण साक्रीची सभा तोंडावर होती, मी पुन्हापुन्हा जोडत राहिलो. एक दिवस ती उघडेचना. जळगावच्या दुकानदारानं पुण्याला पाठवली. आतली तबकडी खरवडली गेली आहे, काही निघणार नाही, असं तिथून कळलं.

रुपसिंग, बिजलीमायचं एकही गाणं उरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, "भाऊ, मायनं गानं लई या, हयदले लावसूत." हळदीत लावायला तू मायचं गाणं मागत होतास, तेव्हा मला हे ठाऊक होतं. तरी मी "आणतो" म्हणालो.

माय गेली तेव्हा तू मोबाइलवर प्रत मागितली होतीस. मी काय म्हणालो, आठवतं? "तुझं घर गळतं, मोबाइल कधीही भिजेल. माझ्याकडे सुरक्षित राहील." जंगल ज्याचं त्याला द्या, असं तुझ्याच गावात ओरडून सांगणारा मी! तुझ्या आईच्या आवाजावर मात्र कब्जा करून बसलो.

तू ये म्हणालास तरच लग्नाला येईन. आलो, तर माझ्या हाती माईक देऊ नकोस. सोनल लहानपणी आजीच्या मागं मागं गुणगुणायची. तिला आठवेल तेवढं बायांबरोबर म्हणू दे. तू ते तुझ्या मोबाइलवर घे, आणि भावाच्या, बहिणीच्या, सगळ्यांच्या मोबाइलवर पाठव.

मला पाठवू नकोस.

रिकाम्या झोळीचा,
लीलाधर